हात तुम्हाला हलवता येत नाही, की कुणालाच?

"मॅडम, फ्रोझन शोल्डर आहे, व्यायाम सांगा." खुर्चीत बसायच्या आधीच पेशंट निदान सांगून मोकळा होतो. ते केलं कुणी, असं विचारलं तर शेजारच्या वहिनींनी, जिममधल्या ट्रेनरने, नाहीतर मोबाइलवरच्या व्हिडिओने. चाळिशीपुढे खांदा दुखला आणि हात वर जाईना, की एवढं एकच नाव सगळ्यांच्या तोंडी. मी गेली अनेक वर्षं फिजिओथेरपी करते आणि तपासताना पुन्हा पुन्हा दिसतं, की यातल्या बऱ्याच जणांचा खांदा जखडलेलाच नसतो. त्यांच्या रोटेटर कफला, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या टोकांना, इजा झालेली असते.

घोळ का होतो हे कळतं. दोन्हींत हात वर जात नाही. दोन्हींत त्या कुशीवर झोपवत नाही. ब्लाउजचे हूक, मागच्या खिशातलं पाकीट, वरच्या फळीवरचा डबा, दोन्हींत सगळंच अडतं. पण उपचार वेगळे आहेत आणि एका दुखण्यात उशीर परवडत नाही.

फ्रोझन शोल्डर तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. खांद्याच्या सांध्याभोवती एक सैलसर आवरण असतं. ते सुजतं, जाड होतं, आक्रसतं. बॉस्टनचे सर्जन कॉडमन यांनी १९३४ साली या दुखण्याला हे नाव दिलं. साधारण ४० ते ६० या वयात, बायकांना जास्त, मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर आणखी जास्त. आधी दुखतो, मग जखडतो, मग हळूहळू सुटतो. यात वर्ष ते तीन वर्षं सहज जातात.

आता रोटेटर कफ. यातला कफ छातीतला नव्हे, शर्टाच्या बाहीचा. मनगटाभोवती जसा बाहीचा कफ बसतो, तशी चार स्नायूंची टेंडन्स, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, दंडाच्या हाडाच्या गोळ्याभोवती बसतात. खांद्याची खोबण अगदी उथळ असते, गोळा मोठा आणि त्याला धरून ठेवणारी बशी लहान. हात उचलताना वरचा मोठा स्नायू गोळ्याला वर ओढतो, तेव्हा त्याला खोबणीत मधोमध धरून ठेवायचं काम हे चौघं करतात. त्यांतलं सगळ्यात वरचं टेंडन खांद्याच्या हाडाच्या छपराखालून जातं आणि बहुतेक वेळा फाटतं तेच. वयाने झिजून फाटतं, किंवा पडल्यावर एका झटक्यात.

म्हणजे एकात सांध्याभोवतीचं वेष्टन घट्ट झालंय आणि दुसऱ्यात ओढणारी दोरी तुटलीय. बिजागरी गंजली तर दार तुम्हीही उघडू शकत नाही आणि मीही नाही. कडीची दोरी तुटली तर तुम्ही ओढून उपयोग नसतो, पण हाताने ढकललं तर दार उघडतं. सगळा फरक इथेच आहे. "हात वर जातो का?" हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं असं: दुसऱ्याने नेला तर जातो का?

इथेही एक फसगत होते, आणि मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच. लोक हात वर नेऊन बघतात. पण हात वर जातो तेव्हा सगळी हालचाल खांद्याच्या सांध्यात होत नाही. पूर्ण १८० अंशांपैकी साधारण १२० अंश सांध्याचे आणि ६० अंश खवाट्याचे, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडाचे. सांधा पार जखडला तरी खवाटा वर सरकतो, खांदा कानाकडे जातो आणि हात बराच उचलल्यासारखा दिसतो. घरचे म्हणतात, "जातोय की वर!" म्हणून वर नेऊन बघू नका. बाहेर फिरवून बघा.

पेशंटला बसवा. कोपर बरगड्यांना टेकलेलं आणि काटकोनात वाकवलेलं, अंगठा वर. आता तुम्ही त्याचं मनगट धरून हात बाहेरच्या बाजूला सावकाश फिरवा, कोपर अंगापासून सुटू न देता. आधी चांगला हात, मग दुखरा. एकटे असाल तर दोन्ही हातांत लाटणं आडवं धरा आणि चांगल्या हाताने दुखऱ्याला बाहेर ढकला. फ्रोझन शोल्डरमध्ये हात लवकरच अडतो, भिंतीला टेकावा तसा, आणि जोर लावूनही पुढे जात नाही. बाहेर फिरणं हीच हालचाल यात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जाते. कफ फाटला असेल तर दुखेल, पण हात बहुधा चांगल्या हाताइतका फिरेल. स्वतःच्या ताकदीने मात्र तो तिथवर नेता येणार नाही, नाहीतर तिथे धरून ठेवता येणार नाही.

घाई करू नका. दुखतं म्हणून माणूस अंग आखडून धरतो आणि ते आखडणं जखडल्यासारखं वाटतं. श्वास सोडायला सांगा, थांबा, पुन्हा फिरवा. शिवाय हात बाहेर न फिरण्याला संधिवात हेही कारण असतं, आणि फिट किंवा विजेचा धक्का बसल्यानंतर मागच्या बाजूला निखळलेला खांदाही. म्हणून एक साधा एक्स-रे हवाच.

माझे एक काका न्हाणीत घसरून पडले. त्याआधी त्यांच्या हाताला काही नव्हतं, पडल्यानंतर तो उचलेना. कुणीतरी फ्रोझन शोल्डर म्हणून टाकलं आणि चार महिने ते दाराला पुली बांधून हात ओढत राहिले. मी बघितलं तेव्हा माझ्या हाताने त्यांचा हात सहज वर गेला. सोडला आणि धपकन खाली पडला. अशी दुखापत झाल्यावर पहिले काही आठवडे मोलाचे असतात. फाटलेलं टेंडन मागे आक्रसत जातं, स्नायूत चरबी भरते, आणि मग टाका घालायचा म्हटलं तरी ते जागेवर आणणं अवघड होतं. काकांचे ते आठवडे पुली ओढण्यात गेले, याची हळहळ मला आजही वाटते.

झिजून फाटलेल्या कफला मात्र सरसकट ऑपरेशन लागत नाही. दोन-तीन महिने शिस्तीत ताकदीचे व्यायाम केले तर अनेकांचं भागतं. आणि एमआरआयच्या कागदावर 'टेअर', म्हणजे फाटलंय, असं वाचून घाबरू नका, साठीनंतर काही न दुखणाऱ्या खांद्यांतही ते सापडतं.

फ्रोझन शोल्डरवाल्यांना एकच विनवणी, दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात कुणालाही खांदा खेचू देऊ नका. "जोर लावा, सुटेल" म्हणणारा मालिशवाला तर नकोच. या टप्प्यात सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन चांगला आराम देतं, मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते एवढं लक्षात ठेवायचं. ताणायचे व्यायाम सोसेल तेवढेच.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा निदान सांगू नका. कधीपासून दुखतं, पडला होतात का, कोणत्या तारखेला, मधुमेह आहे का, आणि दुसऱ्याने फिरवला तर हात कुठे अडतो, एवढं सांगा.