लाईट आल्यावर मशीन सुरू व्हावं का, हे कोण ठरवतं?

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो. दुपार कलली की वावटळ उठते, वळीव कोसळतो आणि लाईट जाते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांमध्ये एक कॉम्प्युटर हमखास असतो, जो कधी बंद पडून चालत नाही. बिलांचा डेटा त्याच्यावर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही त्याच्यावर. यूपीएस थोडा वेळ तग धरतो, मग तोही मान टाकतो. मध्यरात्री लाईट परत येते. माग सकाळी माणसं येऊन सुरू करतील, पण या कॉम्प्युटरने आपलं आपण उठायला हवं. काही मशीन उठतात. काही सकाळी कुणीतरी बटण दाबेपर्यंत तशीच पडून राहतात आणि रात्रीचं रेकॉर्डिंग जातं ते जातंच. दोन्हींचं हार्डवेअर अगदी एकच असू शकतं. फरक असतो तो फर्मवेअरमधल्या एका सेटिंगचा, आणि ते सेटिंग मावतं दोन बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या दोन खुणांत.

फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये बसलेला तो प्रोग्रॅम, जो विंडोज किंवा लिनक्सच्याही आधी चालतो. बहुतेक मशीनमध्ये तो कंपनीचा असतो आणि त्याचा सोर्स कोड आपल्याला दिसत नाही. सेटअपच्या निळ्या-काळ्या पडद्यावर कंपनीने जे पर्याय ठेवले तेवढेच आपले. जो ठेवला नाही, तो चिपसेटला, म्हणजे मदरबोर्डचा कारभार पाहणाऱ्या चिपला, जमत असला तरी आपल्यासाठी नाही.

याला खुला पर्याय म्हणजे कोअरबूट. १९९९ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी तो ‘लिनक्सबायोस’ या नावाने सुरू केला. शेकडो कॉम्प्युटर जोडून केलेल्या क्लस्टरमध्ये प्रत्येक मशीनपुढे कीबोर्ड घेऊन बसणं शक्य नव्हतं, मशीननी मुकाट्याने आणि झटपट सुरू व्हायला हवं होतं. २००८ मध्ये प्रकल्पाचं नाव कोअरबूट झालं. आज क्रोमबुकपासून जुन्या थिंकपॅडपर्यंत अनेक मशीनवर तो चालतो. सेकंडहँड बाजारात मिळणाऱ्या डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०१० सारख्या ऑफिसच्या डेस्कटॉपचंही त्यात काम झालेलं आहे.

अशा फर्मवेअरमध्ये पर्याय दोन वेळी निवडता येतो. एक म्हणजे फर्मवेअर बिल्ड करताना. लिनक्स कर्नलमधून घेतलेली ‘केकॉन्फिग’ नावाची व्यवस्था आहे, तिच्या यादीत बोर्ड कोणता, कोणती सोय आत घ्यायची, कोणती वगळायची हे निवडायचं आणि मग फर्मवेअर तयार होतं. दुसरी वेळ म्हणजे मशीन रोजच्या वापरात असताना. मागावर बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, चढवला की धागे किती हे ठरून गेलं. ते बदलायचं तर बीमच उतरवावा लागतो. नक्षी ठरवणारी जेकार्डची कार्डं मात्र बदलून त्याच ताण्यावर वेगळी नक्षी काढता येते. केकॉन्फिग म्हणजे बीम, सेटअपचे पर्याय म्हणजे कार्डं. ऑफिसात बसलेल्या माणसाला बीम उतरवायला लावणं बरोबर नाही, म्हणून ‘लाईट आल्यावर काय’ यासारखा पर्याय दुसऱ्या गटातच हवा.

आता तो लिहून ठेवायचा कुठे? हार्ड डिस्कवर ठेवता येत नाही. बटण दाबल्यावर प्रोसेसर पहिली सूचना वाचतो तेव्हा डिस्क तर दूरच, रॅमसुद्धा चालू झालेली नसते. रॅमच्या चिप्सशी वेळेचा ताळमेळ बसवावा लागतो आणि तो बसवणं हेच फर्मवेअरचं एक मोठं काम. तोवर कोअरबूट प्रोसेसरच्या कॅशचाच, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या वेगवान स्मृतीचाच, तात्पुरती रॅम म्हणून वापर करतो. ग्राफिक्ससाठी किती रॅम राखून ठेवायची, अशासारखे पर्याय तर रॅम उभी राहायच्या आधीच वाचावे लागतात. मेनू काढणं त्यामानाने सोपं. इतक्या लवकर, इतक्या कमी साधनांत सेटिंग वाचता येणं हा या कामातला खरा अवघड भाग.

जुनं उत्तर आहे सीमॉस, म्हणजे घड्याळाच्या चिपमधली, बॅटरीवर जपलेली छोटीशी स्मृती. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची घड्याळाची चिप होती. तिच्यात ६४ बाइट स्मृती; त्यातले पहिले १४ घड्याळ आणि त्याच्या नियंत्रणासाठी, उरलेले ५० कुणालाही वापरायला मोकळे. वेगळी बॅटरी तिला वीज पुरवायची. आजच्या चिपसेटमध्ये ही जागा वाढून १२८ किंवा २५६ बाइट झाली, बॅटरीच्या जागी नाण्याएवढा सीआर२०३२ सेल आला, पण वाचण्याची रीत तीच राहिली: एका पोर्टवर बाइटचा क्रमांक लिहायचा, दुसऱ्या पोर्टवरून त्यातला मजकूर उचलायचा. रॅम लागत नाही, काहीच लागत नाही. चाळीस वर्षं टिकलेला हा साधेपणा मला फार मोलाचा वाटतो.

कोअरबूटमध्ये प्रत्येक बोर्डासाठी या जागेचा नकाशा एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येतो. आपल्या सेटिंगचं नाव ‘पॉवर ऑन आफ्टर फेल’. अनेक बोर्डांच्या नकाशात ते ४०९ व्या बिटपासून सुरू होतं आणि त्याची लांबी २ बिट असते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ५१ क्रमांकाच्या बाइटमधले दोन बिट. त्यात ० असेल तर लाईट आल्यावर मशीन बंदच राहील, १ असेल तर सुरू होईल, २ असेल तर लाईट जाताना जसं होतं तसं होईल. ३ ला काही अर्थ नेमलेला नाही.

खरी गंमत २ मध्ये आहे. इंटेलच्या चिपसेटमध्ये यासाठी एकच बिट असतो: शून्य म्हणजे वीज येताच सुरू व्हा, एक म्हणजे बंद राहा. ‘जसं होतं तसं’ हे हार्डवेअरला कळतच नाही. मग कोअरबूट ते सॉफ्टवेअरमधून घडवतो. मशीन सुरू होताना तो हा बिट शून्य करतो, कारण या क्षणी मशीन चालू आहे. पुढे वापरणाऱ्याने रीतसर शटडाउन केलं, की ऑपरेटिंग सिस्टिम चिपसेटला ‘झोप’ असा हुकूम लिहिते. चिपसेट तो लगेच पाळत नाही. आधी प्रोसेसरला एका राखीव अवस्थेत नेतो, जिथे ऑपरेटिंग सिस्टिमला डोकावता येत नाही आणि फर्मवेअरचाच छोटा तुकडा चालतो. तो तुकडा सेटिंग पुन्हा वाचतो, त्यात २ दिसला तर बिट एक करतो, आणि मगच वीज तुटते. चालू असताना लाईट गेली तर या तुकड्याला संधीच मिळत नाही, बिट शून्यच राहतो आणि लाईट येताच मशीन उठतं. रविवारी कारखाना बंद ठेवताना नीट शटडाउन केलेलं मशीन मात्र लाईट दहादा आली-गेली तरी शांत राहतं. शटडाउनच्या क्षणी सेटिंग पुन्हा वाचण्यामागेही कारण आहे: मधल्या वेळात कुणी ते बदललं असेल तर नवा निर्णय लगेच लागू व्हावा.

आणि ते बदलायला सेटअपच्या पडद्यावर जावंच लागतं असंही नाही. ‘एनव्हीरॅमटूल’ नावाची कोअरबूटचीच एक उपयुक्तता लिनक्समधून चालते. रूटचे, म्हणजे मशीनचे सगळे, अधिकार असलेल्या माणसाने तिला सेटिंगचं नाव आणि हवी ती किंमत सांगितली की झालं. कॉलेजच्या लॅबमधल्या सगळ्या मशीनचं सेटिंग बदलायचं तर प्रत्येकासमोर बसून डिलीट बटण बडवत राहण्याची गरज नाही, नेटवर्कवरून एक स्क्रिप्ट पुरते.

दोन बिटांवर विश्वास कसा ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. सेल संपला की सीमॉसमध्ये कचरा उरतो, आणि जुन्या मशीनमध्ये सेल संपलेलाच असतो. म्हणून ठरलेल्या बाइटांची बेरीज करून ती १६ बिटांत शेजारीच ठेवलेली असते. सुरू होताना बेरीज जुळली नाही, तर जे वाचलं ते टाकून द्यायचं आणि मूळ किंमती घ्यायच्या. कोडमध्येही पर्याय मागताना नावाबरोबर एक राखीव उत्तर द्यावंच लागतं; सेटिंग सापडलं नाही तर ते उत्तर. कोअरबूटची ही शिस्त मला सगळ्यात जास्त आवडते. फर्मवेअर चुकलं तर पडद्यावर चुकीचा संदेशसुद्धा येत नाही, मशीन नुसतं काळं राहतं. त्याच जागेत बूट किती वेळा अर्धवट राहिलं याची मोजणीही ठेवता येते. तीनदा, किंवा बिल्ड करताना ठरवाल तितक्यांदा, अपयश आलं की कोअरबूट चाचणीतला नवा कोड सोडून जुन्या खात्रीच्या कोडकडे वळतो.

तरी सीमॉसची मर्यादा लपत नाही. जागा अपुरी, आणि सगळं पत्त्यावर अवलंबून. फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीत ४०९ व्या बिटचा अर्थ बदलला, तर जुनी किंमत नव्या अर्थाने वाचली जाईल. बेरीज तर बरोबरच येईल! म्हणून आता कल आहे सेटिंग नावासकट फ्लॅश चिपमध्येच ठेवण्याकडे. युईएफआयमध्ये, म्हणजे आजच्या बहुतेक पीसींच्या फर्मवेअरच्या प्रमाणात, ज्यांना व्हेरिएबल म्हणतात, त्याच रचनेत. वाचणं सोपं असतं. लिहिण्यासाठी कोअरबूट ‘एसएमएमस्टोअर’ वापरतो, म्हणजे मघाच्याच राखीव अवस्थेतला कोड फ्लॅशच्या नेमून दिलेल्या पट्ट्यातच लिहितो.

मग मेनू कोण काढतं? कोअरबूट हार्डवेअर उभं करून बाजूला होतो आणि पुढचं काम पेलोडला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या पुढच्या प्रोग्रॅमला, देतो. तो सीबायोस असेल, ग्रब असेल, ईडीके-२ असेल. पडदा आणि कीबोर्ड पेलोडच्या हातात, पण या बोर्डावर कोणते पर्याय आहेत हे ठाऊक कोअरबूटला. पूर्वी एकच माहिती दोन्हीकडे लिहावी लागे, आणि दोन ठिकाणी लिहिलेली गोष्ट कधी ना कधी बिनसतेच. अलीकडे कोअरबूटमध्ये आलेली ‘सीएफआर’ ही पद्धत हे सोडवते. बोर्डाच्या कोडमध्ये प्रत्येक पर्यायाचं वर्णन एकदाच लिहायचं: आतलं नाव, पडद्यावरचं नाव, मदतीचा मजकूर, मूळ किंमत, आणि तो हो-नाही आहे, आकडा आहे की यादी. दुसरा पर्याय बंद असताना हा फिका दाखवायचा का लपवायचा, हेही. ही वर्णनं कोअरबूट मेमरीतल्या तक्त्यांतून पेलोडला देतो, पेलोड त्यावरून मेनू रंगवतो आणि माणसाने निवडलेली किंमत त्याच नावाने फ्लॅशमध्ये ठेवतो. पुढच्या बूटला कोअरबूट ती वाचतो.

इतकं सोयीचं झालं की प्रत्येक गोष्टीचा पर्याय करावा असा मोह होतो. तो आवरायला हवा असं माझं ठाम मत आहे. हो-नाहीचे १० पर्याय म्हणजे १,०२४ प्रकारची मशीन, २० पर्याय म्हणजे १०,४८,५७६. इतकी तपासणार कोण? शिवाय जो पर्याय मालकाला बदलता येतो, तो मशीनमध्ये रूटचे अधिकार मिळवलेल्या घुसखोरालाही बदलता येऊ शकतो. फ्लॅशवर लिहायला मनाई करणारी कुलपं असल्या मेनूत नसावीत. लाईट आल्यावर काय करायचं, हा मात्र मेनूत हवाच, कारण त्याचं उत्तर कारखान्यागणिक बदलतं आणि ते फर्मवेअर लिहिणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं.

हा मेनू मराठीत यावा, असंही मनापासून वाटतं. युईएफआयमध्ये एकाच मेनूचा मजकूर अनेक भाषांत ठेवायची सोय आहे. अडचण अक्षरं काढण्याची. तिथला साधा फाँट ८ बाय १९ ठिपक्यांच्या चौकटींचा, एका चौकटीत एक अक्षर. ‘विद्युत’ हा शब्द घ्या: पहिली वेलांटी उच्चारात नंतर, पण लिहायची आधी, द आणि य चं जोडाक्षर वेगळाच आकार घेतं. चौकटीमागून चौकट ठेवत गेलं तर तो शब्द मोडून दिसतो. अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर फर्मवेअरच्या तुटपुंज्या जागेत बसवणं, किंवा ठरावीक शब्दांची चित्रं आधीच काढून ठेवणं, असे मार्ग दिसतात. ज्याला हे काम हाती घ्यायचं त्याच्यासाठी मैदान मोकळं आहे.

सुरुवात करायला खरं मशीन पणाला लावायची गरज नाही. क्यूईएमयू हा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करतो आणि कोअरबूटला तो एक बोर्ड म्हणून चालतो. त्यावर कोअरबूट बिल्ड करा, स्वतःचा एक पर्याय जोडा, त्याचं राखीव उत्तर द्या आणि सिरियल लॉगमध्ये, म्हणजे बूट होतानाच्या नोंदींत, किंमत छापून पाहा. मग ती बदलून पुन्हा बूट करा. खऱ्या बोर्डाकडे वळाल तेव्हा आधी त्याच्या फ्लॅश चिपची प्रत प्रोग्रॅमर नावाच्या बाहेरून जोडायच्या उपकरणाने दोनदा वाचून घ्या. दोन्ही फाइली बाइटनबाइट जुळल्या की एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, त्या मशीनमध्ये नव्हे, आणि मगच चिपमध्ये नवं काही लिहा.