स्पेस पॉलिसीत पोस्टडॉक करायचंय? अर्ज नेमका कुठे अडकतो ते आधी बघा

चांद्रयान-३ उतरल्यापासून, म्हणजे ऑगस्ट २०२३ नंतर, माझ्याकडे फॉर्म दाखवायला येणाऱ्यांत स्पेस पॉलिसीवाले एकदम वाढलेत. कोणी लॉ केलेलं, कोणी पॉलिटिक्स, मधेच एखादा पवईचा इंजिनियर. डोकी चांगली आहेत हो, पण फॉर्म परत येतात ते कागदांवरून, आणि दरवर्षी त्याच त्याच कागदांवरून, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

मुंबईत राहून करायचं असेल तर आयसीएसएसआरची, म्हणजे दिल्लीच्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) फेलोशिप. दोन वर्षांची, फुल टाइम, वय ४५ च्या आत, राखीव प्रवर्गाला सवलत. ऑनलाइन फॉर्म भरणं हा अर्ध्या तासाचा मामला आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

पहिली अडचण विषयाच्या कॉलमची. "स्पेस पॉलिसी" नावाचा विषय यादीत शोधत बसू नका, तो नसतो. कायदा, राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध यातलं तुमच्या पीएचडीशी जुळणारं निवडा. "इतर" टाकलंत की फाइल कोणाच्या टेबलावर जाईल देव जाणे. इंजिनियर मंडळींनी जरा सांभाळून, ही सोशल सायन्सची फेलोशिप आहे, सॅटेलाइट डिझाइनवर पीएचडी करून प्रस्तावाच्या शेवटी "धोरणात्मक शिफारशी" एवढे दोन शब्द जोडले म्हणून कोणी फसत नाही.

दुसरा कागद म्हणजे यजमान संस्थेचं, म्हणजे जिथे बसून संशोधन करणार तिचं, पत्र. इथे निम्मे लोक गाइडचं पत्र घेऊन येतात. गाइड कितीही मोठे असले तरी ते संस्था नाहीत. लेटरहेड हवं, जावक क्रमांक हवा, रजिस्ट्रार किंवा डायरेक्टरची सही आणि शिक्का हवा. मागच्या वेळी एका मुलीने पत्र आणलं, सगळं व्यवस्थित, फक्त जावक क्रमांकाच्या पुढे रिकामी रेघ. क्लार्क म्हणाला उद्या टाकतो, आणि तो उद्या आला शेवटच्या तारखेनंतर चार दिवसांनी. त्यात तिची काय चूक होती हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. तर पत्र हातात पडलं की टेबलावरून उठण्याआधी वाचा, लाजू नका.

जाहिरातीत हार्ड कॉपी मागितली असेल तर ती संस्थेमार्फत दिल्लीला जाते, अरुणा असफ अली मार्गावर. कलिन्यात आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र आहे ते खरं, पण तिथे फॉर्म जमा होईल असं समजून सांताक्रूझहून रिक्षा करून जाऊ नका, पैसे आणि दिवस दोन्ही जातात. आणि "लास्ट डेट" दोन असू शकतात बरं का, ऑनलाइनची वेगळी आणि कागद पोचायची वेगळी. पोचायची म्हणजे पोचायची, स्पीड पोस्टच्या पावतीवरची तारीख नव्हे.

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्यांनो, फुल टाइम म्हणजे फुल टाइम. दोन लेक्चरं कोणाला कळणार असं म्हणू नका, आधी कॉलेजशी बोलून घ्या.

नावाचा घोळ तर घरोघरी आहे. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर तेच उलटं, आणि लग्नानंतर आधारवर तिसरंच. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा, मॅरेज सर्टिफिकेटही असू दे सोबत. हे काम शेवटच्या आठवड्यात होत नाही.

पीएचडीचा पुरावा म्हणून पदवीचं सर्टिफिकेट सगळ्यांकडे नसतं, दीक्षांत समारंभ व्हायचा असतो. मग विद्यापीठाचं पीएचडी नोटिफिकेशन किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट लावा. व्हायव्हा झाल्याचा व्हॉट्सॲपवरचा फोटो, सत्काराच्या शालीसकट, हा पुरावा नाही. हसू नका, आलंय असं.

आता बाहेर जायचं असेल तर युरोपियन युनियनची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप. लायडनला हवाई आणि अंतराळ कायद्याची जुनी संस्था आहे, व्हिएन्नात युरोपियन स्पेस पॉलिसी इन्स्टिट्यूट आहे, त्यामुळे आपल्या विषयाला जागा आहे. यात मोबिलिटीचा नियम लोक हमखास चुकीचा वाचतात. डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावं, असा तो आहे. देशात, युरोपात नाही! जर्मनीत पीएचडी करून नेदरलँड्सला अर्ज करता येतो. आणि पीएचडीनंतर ८ वर्षांची मर्यादा आहे, पण ती मोजताना बाळंतपण वगैरेचा ब्रेक धरत नाहीत, बायका उगाच स्वतःला बाद धरून बसतात.

अर्ज तपासणारं पॅनेल निवडताना इंजिनियरिंगला हात लावू नका, सोशल सायन्सचं घ्या, नाहीतर तुमचं करारांचं विवेचन रॉकेटवाले तपासतील. मुख्य प्रस्ताव दहा पानांचा, अकरावं पान परीक्षकांना दिसतच नाही. पोर्टलवर अर्ज सुरू करायचा असतो तिकडच्या सुपरवायझरने, आणि ऑगस्टमध्ये अख्खं युरोप सुट्टीवर. म्हणून जूनमध्येच ईमेल करा. डेडलाइन बहुतेक सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पडते, म्हणजे इथे कधी गणपतीची तयारी चालू, कधी नुकतंच विसर्जन झालेलं, ऑफिसात माणूस सापडेल या भरवशावर राहू नका.

प्रस्तावाबद्दल थोडंच. पहिलं पान इस्रोच्या कौतुकात घालवू नका, परीक्षकांना ते माहीत आहे. प्रश्न सांगा. आपल्याकडे २०२३ चं अंतराळ धोरण आहे, खासगी कंपन्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही सरकारी संस्था अहमदाबादला आहे, पण संसदेने केलेला अंतराळ कायदा अजून नाही, २०१७ चा मसुदा मसुदाच राहिला. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं कलम ६ म्हणतं की खासगी कंपनीच्या कामालाही देशच जबाबदार, परवानगी आणि सततची देखरेख त्याचीच. मग धोरणाच्या जोरावर ही देखरेख कशी चालते? नोव्हेंबर २०२२ ला खासगी रॉकेट उडालंसुद्धा. इथे खरा विषय आहे. आणि "अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेणार" असं लिहिलंत तर परवानगी कशी मिळवणार तेही लिहा, नाही मिळाली तर संसदेतली उत्तरं, समित्यांचे अहवाल, संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अवकाशविषयक समितीची कागदपत्रं यावर काम कसं चालेल तेही.

हां, आणि मारी क्युरीची डेडलाइन ब्रसेल्सच्या घड्याळाने असते. तिथले संध्याकाळचे ५ म्हणजे सप्टेंबरमध्ये आपले रात्रीचे साडेआठ, साडेनऊ नाही, कारण साडेचार तासांचा फरक हिवाळ्यातला. एकजण नऊ वाजता शेवटचं कॉमा तपासत बसला होता, आणि पोर्टल अर्ध्या तासापूर्वीच बंद झालेलं.