लाखेच्या तबकड्यांवरचा जॅझ आणि गोवा

फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर आणि न्यू ऑर्लिन्सचा लुई आर्मस्ट्राँग एकाच तबकडीवर आहेत. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांसोबत अवकाशात गेलेली ती सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी. तिच्यावर केसरबाईंची भैरवी ‘जात कहां हो’ आहे, आर्मस्ट्राँगच्या वाद्यवृंदाचा ‘मेलन्कली ब्लूज’ आहे आणि टेक्ससच्या ब्लाइंड विली जॉन्सनने गिटारच्या साथीवर नुसतं कण्हत-गुणगुणत म्हटलेलं एक शब्दावाचूनचं गाणंही आहे. केसरबाईंची रेकॉर्ड तेव्हा बाजारात मिळेना. शोधता शोधता ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात सापडली.

गेली तीसेक वर्षं मी जॅझ आणि ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या रेकॉर्डी जमवतो. नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या मराठी घरात हे वेड कुठून आलं, असं कुणी विचारलं की मी या खोक्याची गोष्ट सांगतो. कुणीतरी जपून ठेवलं म्हणून गाणं उरलं, हे जॅझ-ब्लूजच्या बाबतीत तर फारच खरं आहे.

जॅझची पहिली रेकॉर्ड २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीने मुद्रित केली. वाजवणारे गोरे होते. ज्यांचं हे संगीत, त्या कृष्णवर्णीयांपैकी एखाद्या गायिकेचं ब्लूज रेकॉर्डवर यायला १९२० उजाडलं. त्या ऑगस्टमध्ये मेमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ गायलं, ती रेकॉर्ड तडाख्याने खपली आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की इथे गिऱ्हाईक आहे. मग दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतून गाणारे बोलावून आणले गेले. ब्लूजचा मोठा ठेवा ज्या पॅरामाउंट या छापाखाली निघाला, तो छाप मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचा होता. मंदीत तो धंदा बसला आणि मूळ धातूचे साचेही नीट राहिले नाहीत. काही गाण्यांच्या दोन-चारच तबकड्या आज जगात आहेत, त्याही घरोघर फिरून जुन्या रेकॉर्डी विकत घेणाऱ्या हौशी लोकांमुळे.

मिसिसिपी जॉन हर्टची हकिगत मला यातली सगळ्यात जवळची वाटते. १९२८ साली ओके कंपनीसाठी त्याने थोडी गाणी म्हटली, ती फारशी खपली नाहीत आणि तो शेतीकडे परतला. पस्तीस वर्षांनी संग्राहकांनी ती गाणी पुन्हा कान देऊन ऐकली. एका गाण्यात तो म्हणतो की अ‍ॅव्हलॉन हे माझं गाव. आताच्या नकाशात ते गाव सापडेना, मग जुना नकाशा काढला. १९६३ साली टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण त्या पत्त्यावर पोचला, तर हर्ट तिथेच होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो लोकांसमोर तो गायला. १९६६ मध्ये तो गेला, पण शेवटची तीन वर्षं त्याच्या गाण्याला श्रोता मिळाला.

या तबकड्या बनायच्या लाखेपासून. पळस, बोर, कुसुमच्या फांद्यांवर किडे लाख धरतात, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपलाच. म्हणजे मिसिसिपीतल्या शेतमजुराचा आवाज छोटा नागपूरच्या जंगलातल्या लाखेवर कोरला गेला असण्याची बरीच शक्यता. दुसऱ्या महायुद्धात ही लाख अमेरिकेला कमी पडू लागली, तेव्हा जुन्या रेकॉर्डी गोळा करून वितळवल्या गेल्या. त्यात काय काय गेलं असेल, या विचाराने आजही जीव हळहळतो.

गोव्याचा धागा वेगळ्या वाटेने येतो. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्या बळावर गोंयकार वादक मुंबई-कलकत्त्याला गेले, मुंबईत धोबी तलावच्या आपापल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहिले आणि हॉटेलांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला, आणि १९४५ मध्ये कलकत्त्यातच पटकीने वारला. आपल्या लोकांना कागदावरचं वाजवता येत होतं. कागदावर नसलेलं वाजवायचं कसं, हे ते अशा माणसांकडून आणि रेकॉर्डींवरून शिकले. एकच तबकडी पुन्हा पुन्हा लावायची, पिन उचलून मागे ठेवायची, आणि ट्रम्पेटची तेवढी जागा गळ्यात बसेपर्यंत सोडायची नाही. नाट्यपद बसवायची आपली रीतही फार वेगळी नव्हती.

हळदोण्यात जन्मलेले आंतोनियो शाविएर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले, लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या सी. रामचंद्रांच्या, म्हणजे अण्णा चितळकरांच्या ‘अलबेला’तल्या (१९५१) गाण्यांत जो उसळता ठेका आहे, त्यात चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा. बोर्डा-मडगावचे ख्रिस पेरी तोच बाज कोंकणी गाण्यांत घेऊन आले. १९५५ पासून विलिस कोनोव्हर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर रोज जॅझ लावू लागला. शॉर्टवेव्हची खरखर सोसून तो ऐकणारे इथेही होते, आणि बोटींवर काम करणारे तारवटी दर्यावरून येताना बॅगेत एखादी एलपी घालून आणत.

माझी सुरुवात अशाच एका तारवटी शेजाऱ्याच्या पेटीपासून झाली. गोव्याच्या पावसात कव्हरांना बुरशी धरते, म्हणून एकदा मी लाखेची तबकडी स्पिरिटने पुसली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चकचकीत काळा पृष्ठभाग बोटाखाली राखाडी झाला आणि त्यातलं क्लॅरिनेट कायमचं गेलं. आता पाण्यात साबणाचा एखादा थेंब घालून मऊ कापडाने, लेबलला पाणी न लावता पुसतो, उभ्या ठेवून वाळवतो, आणि आषाढात कपाटात बल्ब पेटता ठेवतो.

हिंदी चित्रपटांच्या तबकड्याही मी याच कपाटात ठेवतो. लेबलवर चित्रपट, गायक, संगीतकार यांची नावं असतात. ट्रम्पेट कुणी वाजवला, सॅक्सोफोन कुणाचा, हे कधीच नसतं. ओळखीचे एक वयस्कर वादक आहेत, त्यांच्याकडे अधूनमधून एखादी रेकॉर्ड घेऊन जातो. डोळे मिटून ते पहिले आठ-दहा सूर ऐकतात आणि नाव सांगतात. ते मी पेन्सिलीने पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतो.