पार्श्वभूमी : पोताचे छायाचित्रण आणि लहान छिद्राचा हट्ट

झाडाची साल, गंजका पत्रा, पोपडे सुटलेली भिंत, काँक्रीटवर उमटलेल्या फळ्यांच्या रेघा हे विषय कलाछायाचित्रणात आज इतके रुळले आहेत, की एकेकाळी त्यांना स्वतंत्र चित्राचा मान क्वचितच मिळे हे लक्षातही येत नाही. त्यामागे तांत्रिक अडचण होती. 1851 नंतरच्या कोलोडियनच्या ओल्या काचा (प्रकाश टिपणारे रसायन लावून ओल्या असतानाच कॅमेऱ्यात वापरायच्या) बारकावे उत्तम टिपत, पण त्यांना मुख्यतः निळा-जांभळा प्रकाशच कळे. गंज, लाल वीट, नारिंगी दगडफूल सगळे एकसारखे काळेठिक्कर. लाल रंगापर्यंत संवेदनशील असलेल्या पॅनक्रोमॅटिक काचा 1906 मध्ये बाजारात आल्या.

रुचीची अडचण त्याहून मोठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मृदू लेन्स, गम बायक्रोमेट (डिंक आणि रंग ब्रशने कागदावर लावून छापण्याची पद्धत) आणि खरबरीत कागद यांची चलती होती. चित्रात पोत असे, पण तो कागदाचा आणि ब्रशचा. वस्तूचा पोत त्याखाली दबून जाई.

1920 च्या दशकात पारडे फिरले. जर्मनीत 1928 मध्ये वनस्पतींच्या कळ्या-देठांची कित्येक पट मोठी केलेली छायाचित्रे पुस्तकरूपात आली. अमेरिकेत शिंपले, मिरच्या, वाळूच्या लाटा यांवर मोठे कॅमेरे रोखले गेले. 1932 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही छायाचित्रकारांनी तर लेन्सच्या छिद्राचा एफ/64 हा आकडाच गटाचे नाव म्हणून घेतला. हा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान आणि जवळचे-दूरचे तितके एकाच वेळी रेखीव. अख्खे चित्र काठापासून काठापर्यंत रेखीव हवे, ही भूमिका त्यातून उघड होत होती.

खरा घोळ तिथून सुरू झाला. नंतरच्या छायाचित्रकारांकडे तत्त्वासोबत लहान छिद्राचा आकडाही वारशाने आला. तो ज्या कॅमेऱ्याचा होता, तो कॅमेरा मात्र मागेच राहिला.

तो कॅमेरा 8×10 इंच निगेटिव्हचा. त्यावर 300 मिमी लेन्स एफ/64 वर आणली, तर छिद्राचा व्यास सुमारे 4.7 मिमी राहतो. 50 मिमी लेन्सवर एफ/22 केले, तर उरते जेमतेम 2.3 मिमी. छिद्र लहान झाले की प्रकाश कडांशी फाकतो, म्हणजेच विवर्तन होते, आणि प्रत्येक बिंदूचा ठिपका बनतो. एफ/64 वर हा ठिपका सुमारे 0.09 मिमीचा असतो. पण ती मंडळी निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट प्रिंट काढत. चित्र मोठे करायचेच नसे. वाचनाच्या अंतरावरून डोळ्याला साधारण 0.1 मिमीच्या खालचे वेगळे दिसत नाही, त्यामुळे चित्र धारदारच भासे. डिजिटल कॅमेऱ्याच्या फुल-फ्रेम (36×24 मिमी) सेन्सरवर एफ/22 चा ठिपका 0.03 मिमी. ऐकायला लहान वाटतो, पण 36 मिमीचे चित्र 10 इंचांपर्यंत नेताना तो सातपट वाढून 0.2 मिमी होतो आणि डोळ्याला सरळ दिसतो. 8×10 वरच्या एफ/64 चा फुल-फ्रेमवरचा जोडीदार एफ/8 ते एफ/9 आहे. फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग रेखीव दिसतो तो पट्टाही, तेवढीच मिळते. म्हणजे 'जुन्यांसारखे एफ/22' करणारे प्रत्यक्षात जुन्यांच्या बरेच पुढे जाऊन पोत गमावतात.

शार्पनिंगने, म्हणजे संगणकावर कडा उठावून, हे भरून निघते, असा दावा नेहमी होतो. तो अर्धाच खरा. 24 मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरला दिसू शकणाऱ्या सर्वांत बारीक रेषांचा कॉन्ट्रास्ट एफ/22 वर जवळजवळ शून्यावर येतो. जे नोंदलेच गेले नाही, ते उठावणार कुठून? जवळून टिपताना तर आकडाही फसवतो : 1:1 प्रमाणात, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा, बहुतेक लेन्सवर एफ/11 लावले, तरी परिणाम एफ/22 चाच होतो. काही कॅमेरे हा बदललेला आकडा दाखवतात, बरेच दाखवत नाहीत.

1940 च्या दशकात काहींनी या पेचाला बगल दिली. सोललेला रंग, फाटकी पत्रके, डांबराचे ओघळ असे सपाट विषय घेऊन कॅमेरा भिंतीला अगदी समांतर लावायचा. मग खोलीची गरजच राहत नाही, एफ/8 पुरते. सपाटपणाचे श्रेय सहसा त्या काळच्या अमूर्त चित्रकलेला देतात. लेन्सचाही त्यात वाटा होता, हे फारसे कोणी बोलत नाही. समांतरपणा दोन-तीन अंशांनी चुकला, तरी जवळून घेतलेल्या चौकटीची एक बाजू मऊ पडते.

डिजिटलमध्ये फोकस स्टॅकिंगने (फोकस थोडाथोडा सरकवत घेतलेली अनेक चित्रे सॉफ्टवेअरने एकत्र जोडणे) खोलीचा प्रश्न सोडवला, पण नवे प्रश्न आणले. 1:1 वर एफ/5.6 ला खोली एक मिलिमीटरही भरत नाही. सालीच्या 5 मिमी उंचसखल भागाला 0.25 मिमीच्या पायरीने वीस-एकवीस चित्रे लागतात. तिरप्या उन्हात ती रेंगाळत घेतली, तर सावल्या सरकतात : सूर्य चार मिनिटांत एक अंश हलतो. जोडलेल्या चित्रात मग दुहेरी कडा दिसतात, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. उंच कंगोऱ्यांभोवतीची धूसर वलये मात्र खरोखर जोडणीची असतात. ती मूळ चित्रातून हाताने भरावी लागतात. जाळी आणि विणीवर मॉयरे, म्हणजे मूळ वस्तूत नसलेले लाटांसारखे पट्टे, येऊ नये म्हणून सेन्सरपुढे बसवला जाणारा, चित्र किंचित धूसर करणारा गाळणीचा थर 2012 नंतर अनेक कॅमेऱ्यांतून गेला. दगडाला त्याचा फायदा झाला, कापडाला तोटा.

गेम आणि त्रिमितीय कामांसाठी पृष्ठभाग टिपण्याची पद्धत वाढली, तसा आणखी एक गोंधळ शिरला. तिथे सावली नकोच असते : प्रकाश सपाट, दिव्यांवर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनातले ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्या), चमक पूर्ण गायब. भिंतीवर टांगायच्या चित्रासाठी ही कृती उचलली, तर पृष्ठभाग निर्जीव दिसतो, कारण तिथे उठाव सावलीच घडवते. पृष्ठभागाशी 45 अंशांच्या प्रकाशात 1 मिमी उंचवट्याची सावली 1 मिमी पडते, 15 अंशांत पावणेचार, 5 अंशांत अकरांहून जास्त. बारीक वाळूला 5 अंश चालतात. खोल भेगांच्या सालीवर तोच कोन लावला, तर अर्धी चौकट काळी होते. तिथे 20 ते 30 अंश आणि समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा लागतो.