‘राजकीय पोस्ट टाकू नयेत’ या नियमाची पार्श्वभूमी

नाशिकमधल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे, जुन्या वर्गमित्रांचे किंवा कांदा उत्पादकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाहिले, तर ‘राजकीय पोस्ट टाकू नयेत’ ही सूचना बहुतेक ठिकाणी आढळते. सूचनेमागची अपेक्षा मात्र मोबाइलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. इंग्रजी अमदानीत सरकारची वक्रदृष्टी टाळण्यासाठी सार्वजनिक मंडळांना आपण राजकारणात नाही असे दाखवणे सोयीचे असे, आणि त्या सोयीचा पुरेपूर उपयोग याच शहरात झाला. सावरकर बंधू व त्यांच्या सोबत्यांनी १९०० मध्ये सुरू केलेला मित्रमेळा गणेशोत्सव आणि शिवजयंती साजरी करणारी तरुणांची मंडळी म्हणून गावासमोर वावरत होता. आतून ती इंग्रजांविरुद्धची गुप्त क्रांतिकारी संघटना होती आणि तिनेच १९०४ मध्ये ‘अभिनव भारत’ हे नाव घेतले.

याहून बोलका दाखला काळाराम मंदिराचा आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे भाऊराव गायकवाडांनी तो नेटाने चालवला. सनातन्यांच्या लेखी मंदिरप्रवेश हा धर्माचा, म्हणून चर्चेबाहेरचा विषय होता; सत्याग्रहींच्या लेखी तो समान हक्काचा होता. कोणता विषय ‘वादाचा’ हे ठरवण्याचा अधिकार दाराच्या आत असलेल्यांकडेच राहिला, तर नियम निःपक्ष राहत नाही, हे तेव्हाच दिसून आले. आजच्या ग्रुपमध्येही रूढ सणाच्या शुभेच्छा चालतात आणि आंबेडकर जयंतीची पोस्ट कुणाला तरी राजकीय वाटते, तेव्हा तोच प्रश्न उभा असतो.

इंटरनेटच्या काळात या अपेक्षेला कायद्याच्या धास्तीची जोड मिळाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. त्या प्रकरणात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, तरी धास्ती गेली नाही. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्यांच्या अफवेतून पाच जणांचा जमावाने बळी घेतला, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवण्याची मर्यादा आणण्याचे जाहीर केले. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. तोवर ‘राजकारण नको’ ही ओळ घराघरांत रुजली होती, तत्त्वापेक्षा स्वसंरक्षण म्हणून.

तिची खरी कसोटी लागते ती कांदा उत्पादकांच्या ग्रुपमध्ये. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, तेव्हा जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली आणि नाशिक व दिंडोरीत लोकसभेचे मतदान २० मे रोजी झाले. बंदी उठल्याचा निरोप बाजारभावाचा मानायचा की प्रचाराचा, हा निवाडा अ‍ॅडमिनच्या बोटावर येतो. माझ्या पाहण्यातले अ‍ॅडमिन बातमी राहू देतात आणि तिच्याखाली कोणी पक्षाचे नाव घेतले की तेवढे पुसून टाकतात.