म्हशीला चालते ती सरकी पेंड बटेरला का नाही?

लातूरला सोयाबीनचा भाव वाढला की थोड्याच दिवसांत पुण्याच्या आसपासचे पोल्ट्रीवाले वैतागायला लागतात, यात नवीन काही नाही. पण 2021 च्या उन्हाळ्यानंतर सोया डीओसी (तेल काढून घेतल्यावर उरणारी पेंड) इतकी महागली की ऑगस्टमध्ये सरकारला 12 लाख टन जीएम (जनुक बदललेल्या सोयाबीनची) सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. असं झालं की सगळेच दुसरी पेंड शोधायला लागतात, आणि सगळ्यात जास्त घाई बटेरवाल्यांना (बटेर म्हणजे अंड्यांसाठी पाळतात तो लाव्यासारखा छोटा पक्षी) असते, कारण अंड्यावरच्या बटेरला खाद्यात साधारण 20 टक्के प्रोटीन लागतं, लेयर म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं 16-17 वर भागतं.

आता एवढ्याशा पाखराला एवढं कशाला? तर मादी असते पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, अंडं दहा-अकरा ग्रॅमचं, म्हणजे अंडं देईल त्या दिवशी स्वतःच्या वजनाच्या सहा टक्के माल बाहेर काढायचा, कोंबडीचं हेच गणित साडेतीन टक्क्यांपर्यंत बसतं. आणि खाणं दिवसाला 25-30 ग्रॅम. त्या चिमूटभर खाद्यात एखादी गोष्ट कमी पडली की अंडी घटतात नाहीतर बारीक होतात.

उरुळी कांचनकडच्या एका ओळखीच्या बटेरवाल्याला पेंडीच्या दुकानदाराने सरळ सल्ला दिला, "सरकी पेंड घाला की दादा, म्हशीला वर्षानुवर्षं घालतोय, तुमच्या पाखराला काय धाड भरलीय?" प्रश्न चुकीचा नाहीये खरं तर. चांगल्या सरकी पेंडीत प्रोटीन सोयाच्या जवळ जाणारं असतं आणि विदर्भ-खानदेशात कापूस आहे तोवर सरकीला तोटा नाही.

अडचण दिसते बी कापल्यावर. सरकीचा दाणा ब्लेडने मधोमध कापा, आतल्या पिवळट गरात काळपट ठिपके दिसतील, कुणीतरी मिरीची पूड भुरभुरल्यासारखे. त्या ठिपक्यांमध्ये गॉसिपॉल नावाचं विष असतं, किडीपासून वाचायला झाडाने केलेली सोय. म्हैस रवंथ करणारी, तिच्या पहिल्या पोटातच बरंचसं गॉसिपॉल प्रोटीनला चिकटून निकामी होतं (वासरांना मात्र ही सोय नसते, म्हणून त्यांना जपून). बटेरकडे असलं पोट नाही. गॉसिपॉल तिच्या रक्तातून थेट अंड्याच्या बलकापर्यंत पोचतं, तिथे लोह असतंच, आणि दोघं मिळून बलक शेवाळी हिरवा करून टाकतात. यातली खोड अशी की ताजं अंडं फोडलं तर बहुतेकदा काहीच दिसत नाही, रंग साठवणीत चढतो.

याच्या जोडीला सरकीच्या तेलात वेगळ्याच प्रकारची फॅटी ॲसिड असतात, त्यांच्यामुळे बलकाभोवतीचा पडदा झिरपायला लागतो, बलकातलं लोह पांढऱ्यात उतरतं, तिथल्या एका प्रोटीनला धरतं आणि पांढरं चक्क गुलाबी दिसतं! घाणीच्या पेंडीत तेल जास्त राहतं म्हणून हा त्रासही जास्त, डीओसीत कमी.

मग ट्रीटमेंट करायची. सगळ्यात स्वस्त म्हणजे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. त्यातलं लोह आतड्यातच गॉसिपॉलला बांधून ठेवतं, ते अंड्यापर्यंत जातच नाही. दुसरा उपाय उष्णता, आणि लोक फसतात ते इथेच, असं माझं मत. गरम केल्यावर मोकळं, म्हणजे कशालाही न चिकटलेलं गॉसिपॉल कमी होतं हे खरं, पण ते जातं कुठे? लायसिन नावाच्या अमिनो ॲसिडला जाऊन चिकटतं, म्हणजे विष गेलं आणि सरकीत मुळातच कमी असलेलं लायसिनही त्याच्यासोबत गेलं. पोत्यावरचा प्रोटीनचा आकडा मात्र तस्साच, कारण लॅबमध्ये मोजतात नायट्रोजन, त्याला 6.25 ने गुणलं की झालं प्रोटीन, पाखराला त्यातलं किती पचेल याच्याशी त्या आकड्याचं काही देणंघेणं नाही. म्हणून पेंडवाल्याला "प्रोटीन किती" एवढंच विचारून उपयोग नाही, पचणारं लायसिन आणि मोकळं गॉसिपॉल किती तेही विचारा, तो बघत राहील पण विचारा.

सोया तरी कुठे साधी आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारे ट्रिप्सिन इनहिबिटर असतात, म्हणून ती भाजावीच लागते आणि जास्त भाजली तर पुन्हा लायसिनच जातं. याची एक मस्त चाचणी आहे, युरिया आणि फिनॉल रेडचं पिवळसर पाणी पेंडीच्या पातळ थरावर ओतायचं आणि पाच मिनिटं बघायचं. तुरळक लाल ठिपके उठले तर ठीक, सगळा थर लाल झाला तर पेंड कच्ची, आणि एकही ठिपका नाही तर ती जास्त भाजली गेल्याचा संशय घ्या.

शेंगदाणा पेंडीचं दुखणं निराळं. तिथे विष झाडाचं नाही, बुरशीचं. 1960 मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पटापट मेल्या, शोध घेत गेले तर ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड निघाली, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन सापडलं. ते साध्या भाजण्याने जात नाही, अमोनियाची प्रक्रिया चालते पण ते कारखान्याचं काम, आपल्या शेडमध्ये करायचा विचारही नको. पावसाळ्यात ओल धरलेल्या गोदामातली पेंड स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

पिसांची पावडरही मिळते. प्रोटीन 80 टक्क्यांच्या वर, ऐकायला भारी, पण ते केराटिन, प्रेशरच्या वाफेवर शिजवल्याशिवाय पचत नाही आणि शिजवूनही लायसिन, मेथिओनिन कमीच.

मला सगळ्यात आश्वासक वाटतं ते आंबवणं. काही बॅसिलस जिवाणू किंवा यीस्ट ओलसर पेंडीवर वाढवले की ते गॉसिपॉल कमी करतात, तेही फारशी उष्णता न देता, म्हणजे लायसिन बऱ्यापैकी वाचतं. पण नंतर ती पेंड नीट वाळवायची सोय हवी, नाहीतर एक विष घालवून बुरशीचं दुसरं घरात घ्याल.

करून बघायचंच असेल तर बटेरइतका सोयीचा पक्षी नाही, सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतो आणि शंभर पाखरांना दिवसाला अडीच-तीन किलो खाद्य पुरतं. अर्ध्या पाखरांना जुनं खाद्य, अर्ध्यांना थोडी पेंड बदललेलं, लायसिन-मेथिओनिनचा हिशोब फीडवाल्याकडून जुळवून घेऊन. अंडी मोजा, वजन करा, आणि दोन्हीकडची काही अंडी तारीख टाकून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवून मग फोडा. तुमचं गिऱ्हाईकही अंडी आणल्या दिवशीच खात नाही.