रोबो थांबलाय की वाट पाहतोय? आयटीआयमधल्या नव्या व्यवसायाची पार्श्वभूमी

जुलै 1984 मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डाय-कास्टिंगवर (वितळलेला धातू साच्यात दाबून सुटे भाग बनवण्याच्या यंत्रावर) काम करणारा 34 वर्षांचा एक कामगार रोबोचा मागचा भाग आणि सुरक्षेसाठीच रोवलेला पोलादी खांब यांच्यात सापडला आणि पाच दिवसांनी दगावला. त्याच्या गाठीशी पंधरा वर्षांचा अनुभव होता. रोबोचा एक आठवड्याचा अभ्यासक्रम त्याने तीनच आठवड्यांपूर्वी पूर्ण केला होता. आत जाऊ नये असे त्याला शिकवले होते आणि बजावलेही होते. तरीही खाली पडलेला धातूचा कचरा काढायला तो आत शिरला असावा. नायोश या अमेरिकी संशोधन संस्थेने त्यानंतर काढलेल्या इशारापत्रकात यंत्राची रचना आणि देखरेख यांच्याबरोबर प्रशिक्षण कसे असावे यालाही जागा दिली. आज महाराष्ट्रातल्या आयटीआयमध्ये रोबोटिक्सच्या नव्या व्यवसायाचे (ट्रेडचे) शिल्पनिदेशक, म्हणजे प्रशिक्षक, पहिल्या आठवड्यात जे सांगतात, त्यातला बराच भाग अशा अपघातांच्या चौकशीतून आलेला आहे. ‘सगळे ग्रिपरकडे (रोबोच्या पकडणाऱ्या पंजाकडे) बघतात, पाठीकडे कोणी बघत नाही’ हे वाक्य त्यातलेच.

सुरुवातीला प्रशिक्षणाचा प्रश्नच नव्हता. जॉर्ज डेव्होल यांनी 1954 मध्ये रोबोच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि जोसेफ एंगेलबर्गर यांच्या पुढाकाराने 1961 मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटनजवळ जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा रोबो कामाला लागला. काम एकच: डाय-कास्टिंग मशीनमधून तापलेला सुटा भाग उचलून काढायचा. यंत्र हायड्रॉलिक होते आणि हालचालींच्या पायऱ्या चुंबकीय ड्रमवर साठवलेल्या असत. गळती झाली की हायड्रॉलिक फिटर बोलवायचा, क्रम बदलायचा तर कंपनीचा इंजिनिअर. शेजारच्या कामगाराने फक्त दूर राहायचे.

नॉर्वेत गोष्ट उलट घडली. ब्रिने गावच्या ट्राल्फा कंपनीत एकचाकी हातगाड्या बनत. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ओले मोलाउग यांनी तिथे रंग फवारणारा रोबो तयार केला. त्याला शिकवायची पद्धत अशी: कसलेल्या रंगाऱ्याने रोबोचा हात धरून एक गाडी रंगवायची, ती हालचाल चुंबकीय टेपवर नोंदली जायची आणि पुढे रोबो तीच करत राहायचा. म्हणजे रोबो चालवण्याचे कौशल्य हे रंगाऱ्याचेच कौशल्य होते. त्याचा हात एका कोपऱ्यावर क्षणभर रेंगाळला, तर पुढच्या प्रत्येक गाडीवर तिथेच रंग ओघळणार.

1974 मध्ये स्वीडनच्या आसेआ कंपनीने आयआरबी 6 हा पूर्णपणे विजेवर चालणारा, मायक्रोप्रोसेसरच्या नियंत्रणाखालचा रोबो विकायला काढला. पाच अक्ष, सहा किलो वजन उचलण्याची क्षमता. पहिला ग्राहक कुणी बडा मोटार कारखाना नव्हता. दक्षिण स्वीडनमधल्या गेनार्प गावातल्या एका छोट्या कौटुंबिक उद्योगाने तो स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांना पॉलिश करण्यासाठी घेतला. इथून पुढे हाताने ओढण्याऐवजी बटणे दाबून रोबोला एकेका बिंदूवर नेणे आणि तो बिंदू साठवणे ही पद्धत रुळली. टीच पेंडंट, म्हणजे हातात धरायचा बटणांचा नियंत्रक, हे या कामाचे हत्यार ठरले. पण त्यातून नवा धोकाही आला. पेंडंट धरणारा माणूस कुंपणाच्या आत, रोबोच्या पल्ल्यात उभा राहू लागला. वेल्डिंगच्या टॉर्चचे टोक जोडापासून किती मिलिमीटरवर आहे हे बाहेरून दिसत नाही.

जपानने हा धोका लवकर कायद्यात बांधला. जुलै 1981 मध्ये आकाशी इथल्या कावासाकीच्या कारखान्यात देखभालीचे काम करणारा एक कामगार रोबोखाली सापडून दगावला. कुंपणाचे दार उघडले असते तर रोबोची वीज तुटली असती, पण तो कुंपण ओलांडून आत गेला होता. 1983 मध्ये कामगार सुरक्षा नियमांत दुरुस्ती झाली आणि रोबोला शिकवण्याचे काम ‘विशेष शिक्षण’ घेतल्याशिवाय करता येणार नाही असे ठरले. तासही ठरवून दिले. शिकवण्याच्या कामासाठी वर्गात 7 तास: 2 रोबोच्या ज्ञानाचे, 4 शिकवण्याच्या कामाचे, 1 कायद्याचा. प्रात्यक्षिक 3 तास. तपासणी आणि दुरुस्तीसाठी 9 तास वर्ग आणि 4 तास प्रात्यक्षिक. एकेका मोटरची क्षमता 80 वॉट किंवा त्याहून कमी असेल तर तो रोबो या नियमातून वगळला जातो. दहा तासांत कोणी तरबेज होत नाही, आणि नियमाचा तो हेतूही नाही. पेंडंट हातात घेण्याआधी काय माहीत हवे, एवढीच त्याची मर्यादा आहे. आमच्या मते हेच त्याचे बळ.

याच काळात हत्यारही बदलत गेले. पेंडंटच्या मागच्या बाजूला असलेल्या, कामगार ज्याला ‘डेडमॅन’ म्हणतात त्या स्विचच्या जुन्या रूपात दोनच स्थिती असत: दाबला तर चालू, सोडला तर बंद. पण घाबरलेला माणूस प्रत्येक वेळी हात सोडतोच असे नाही, काही जण मूठ आणखी आवळतात. म्हणून तीन स्थितींचा स्विच आला. अर्धा दाबला तरच रोबो हलतो, सोडला किंवा पूर्ण आवळला तर थांबतो. रोबोच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 10218 पहिल्यांदा 1992 मध्ये आले. टी1 या शिकवण्याच्या मोडमध्ये रोबोच्या टोकाचा वेग सेकंदाला 250 मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ द्यायचा नाही, हा आकडा प्रशिक्षणार्थी आज तोंडपाठ म्हणतात. माणसाला मागे सरकायला वेळ मिळावा म्हणून तो ठरवलेला आहे.

भारतात कारागीर प्रशिक्षण योजना 1950 मध्ये सुरू झाली, व्यवसायांचे अभ्यासक्रम ठरवणारी राष्ट्रीय परिषद 1956 ची आणि शिकाऊ उमेदवारीचा अधिनियम 1961 चा, म्हणजे युनिमेटच्याच वर्षीचा. कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 22 नुसार चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी किंवा तेलपाणी करायचे तर ते खास प्रशिक्षण घेतलेल्या, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करायचे आणि त्याचे नाव नोंदवहीत असले पाहिजे, अशी अट होती. पट्टे, पुली आणि शाफ्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले हे कलम आहे. गिरणीतला शाफ्ट फिरत असेल तर तो फिरताना दिसतो. रोबोचे तसे नाही. तो बहुतेक वेळा निश्चल उभा असतो, आणि नेमका तेव्हाच तो जास्त फसवतो.

वेल्डिंगच्या सेलमध्ये, म्हणजे रोबोच्या कुंपण घातलेल्या जागेत, हे रोज घडू शकते. फिक्स्चरचा (सुटा भाग जागेवर धरणाऱ्या चौकटीचा) क्लॅम्प बंद झाला की नाही हे एक प्रॉक्सिमिटी सेन्सर सांगतो. त्यावर वेल्डिंगचे शिंतोडे साचले की सिग्नल अडतो. प्रोग्रॅम त्या ओळीवर खोळंबतो, रोबो हवेत हात ठेवून उभा राहतो. ऑपरेटरला वाटते, बंद पडला. तो आत हात घालतो, फडक्याने सेन्सर पुसतो. सिग्नल येतो आणि रोबो पुढची ओळ पूर्ण वेगाने चालवतो. दाराचा इंटरलॉक शाबूत असेल तर दार उघडताच सर्व्होची (रोबोच्या मोटरांची) वीज गेलेली असते आणि काही होत नाही. पण उत्पादन अडते म्हणून इंटरलॉकला तार जोडून किंवा सुटी चावी खोचून तो निकामी केलेला असेल, तर वाचवायला काही उरत नाही. म्हणून आत जाणाऱ्याने दाराचा सेफ्टी प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, दोघे आत गेले तर दोघांची दोन कुलुपे लावायची, आणि पेंडंट आतल्या माणसाच्याच हातात हवा.

चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने वाढले तेव्हा रोबोवर आलेली पहिली फळी आयटीआयचे वेल्डर, फिटर आणि इलेक्ट्रिशियन यांची होती. रोबो त्यांनी लाइनवर शिकला: विक्रेत्या कंपनीचा काही दिवसांचा कोर्स केलेला एक जण आणि त्याच्या मागे उभे राहून बघणारे बाकीचे. या पद्धतीत चांगले वेल्डर टिकले, कारण टॉर्चचा कोन आणि वायरचे बाहेर आलेले टोक त्यांना कळत होते. तुटक राहिले ते यंत्राचे ज्ञान. जर्मनीने 1998 मध्ये साडेतीन वर्षांचा मेकाट्रॉनिक्सचा स्वतंत्र व्यवसाय सुरू करून यांत्रिकी, वीज आणि नियंत्रण एकाच माणसात आणले. फोक्सवॅगनने त्याच धर्तीची शिकाऊ उमेदवारी चाकणला आणली, पण ती थोड्या मुलांपुरती. मोठा बदल पुढे झाला, जेव्हा ‘इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन’ हा एक वर्षाचा व्यवसाय आयटीआयच्या यादीत आला. पुण्याच्या टाटा टेक्नॉलॉजीजने राज्य सरकारांबरोबर आयटीआयचे आधुनिकीकरण हाती घेतले, त्यात हा व्यवसाय प्रमुख होता. कर्नाटकात 2022 मध्ये अशा 150 संस्थांचे उद्घाटन झाले.

2022 नंतरच्या आराखड्यात एक वर्षाच्या व्यवसायाला 1200 तास आहेत: 840 प्रात्यक्षिक, 240 व्यवसाय सिद्धांत, 120 रोजगारक्षमता कौशल्ये. शिवाय 150 तास प्रत्यक्ष कामाचे किंवा प्रकल्पाचे. आकडा भरघोस वाटतो. पण त्या 840 तासांत फायलिंग, वायरिंग, न्यूमॅटिक्स, पीएलसी (यंत्रांचा क्रम चालवणारा नियंत्रक) असे सगळेच बसवायचे. समजा रोबोला 200 तास मिळाले आणि वीस जणांत एकच रोबो असेल, तर प्रत्येकाच्या हातात पेंडंट दहा तास. बाकीचा वेळ संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये जातो. पोहोच, क्रम, सिंग्युलॅरिटी हे सगळे तिथे उत्तम कळते. पाचवा अक्ष शून्याजवळ आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात आणि सरळ रेषेतली चाल अलार्म देऊन थांबते, हे पडद्यावर दहा वेळा करून बघता येते. पण पडद्यावरची केबल कशातच अडकत नाही आणि तिथे शिंतोडेही उडत नाहीत.

नव्या मुलाला कामावर पहिल्या सहा महिन्यांत जे लागते ते प्रोग्रॅमिंग नव्हे. इमर्जन्सी दाबल्यावर रोबो मध्येच थांबला, तर तिथून काय करायचे, हे लागते. थेट सायकल स्टार्ट दाबला आणि कर्सर प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीवर असेल, तर रोबो आहे तिथून पहिल्या बिंदूकडे निघतो आणि वाटेत फिक्स्चर असेल तर त्यावर आदळतो. आधी टी1 मध्ये यायचे, टॉर्चच्या दिशेनेच उलटे मागे घ्यायचे, मोकळ्या जागेत आल्यावर होम पोझिशनला (ठरलेल्या सुरुवातीच्या जागेला) न्यायचे, मग ऑटो, म्हणजे आपोआप चालण्याचा मोड. धडक झालीच असेल तर टूलचा मध्यबिंदू तपासायचा. स्थिर सुईच्या टोकाभोवती मनगट फिरवून बघायचे, टॉर्चचे टोक जागचे हलले तर गळा वाकला आहे. इथे घाईने एकेक बिंदू ‘टच-अप’ करणारे, म्हणजे थोडा सरकवून पुन्हा साठवणारे, पुष्कळ. त्याने आजचा जोड बसतो, पण पुढे नवा सरळ टॉर्च लावला की सगळे बिंदू पुन्हा चुकतात.

देखभालीतही चुकांचा ठराविक क्रम आहे. फॅनक या रोबो बनवणाऱ्या कंपनीच्या अनेक मॉडेलांत बैठकीमध्ये डी आकाराच्या चार बॅटऱ्या असतात, त्या अक्षांची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या एन्कोडरला वीज देतात. वर्ष-दीड वर्षाने त्या बदलायच्या, आणि कंट्रोलर चालू ठेवूनच. नेहमीच्या शिस्तीने मेन बंद करून बॅटऱ्या काढल्या की एन्कोडरची स्मृती पुसली जाते, पुन्हा चालू करताना बीझॅल (बॅटरी शून्य झाल्याचा) अलार्म येतो आणि मास्टरिंग, म्हणजे अक्षांच्या शून्याची नोंद, गेलेले असते. मग अलार्म काढून प्रत्येक अक्ष सांध्यावरच्या खुणांशी जुळवायचा, शून्य नोंदवायचे, कॅलिब्रेट करायचे. खुणा डोळ्यांनी जुळवलेल्या असल्यामुळे थोडा फरक राहतोच आणि बिंदू पुन्हा तपासावे लागतात. गिअरच्या ग्रीसचा नेम तीन वर्षे किंवा 11,520 तास. ग्रीस भरताना बाहेर पडायचे तोंड उघडे ठेवले नाही, तर दाबाने सील फुटते आणि ग्रीस मोटरमध्ये शिरते. डेडमॅन हळूहळू, अर्धवट सोडला तर सुरक्षेच्या दोन साखळ्यांपैकी एक आधी तुटते आणि कंट्रोलर साखळीत दोष आहे असे म्हणत अडून बसतो. वायरिंग उकलण्याआधी स्विच एकदा पूर्ण सोडून पुन्हा नीट दाबायचा.

कोबॉट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारा रोबो, आल्यावर काही जणांना वाटले, आता हे शिकवायची गरज उरली नाही. युनिव्हर्सल रोबोट्सने 2008 मध्ये पहिला विकला आणि 2010 पासून बजाज ऑटोने चाकणच्या कारखान्यात ते घेतले, पुढे त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. हात धरून शिकवण्याची ट्राल्फाची रीत त्यात परत आली आहे. माणसाला लागल्यावर कोबॉट थांबतो, पण त्याच्या ग्रिपरमध्ये धरलेला धारदार पत्रा थांबण्याआधीच कापून जातो. 2016 च्या आयएसओ/टीएस 15066 मध्ये शरीराच्या निरनिराळ्या भागांना किती दाब चालेल याची कोष्टके आहेत, आणि ती रोबोच्या डब्यावर छापलेली येत नाहीत. प्रत्येक कामासाठी मोजमाप करावे लागते.

आयटीआयला चकचकीत नवा सेल मिळाला की त्याची बॅटरी काढायला, मास्टरिंग घालवायला, ग्रीसचे प्लग उघडायला मुलांना कोणी देत नाही. वॉरंटी जाईल ही भीती असते. मोटार कारखान्यांत मॉडेल बदलले की दहा-बारा वर्षे वापरलेले रोबो निघतात. त्यातला एखादा, बॅटरी मेलेला, शून्य हरवलेला, केबल घासलेला, नव्या सेलच्या शेजारी बोल्ट करून ठेवावा. बिघाड शोधण्याचे तास त्याच्यावर भरतील.